शुभेच्छुक

आमचे सर समाजशास्त्र शिकवायचे, आणि वर्गात 'समाज' हा शब्द उच्चारायला त्यांनी बंदी घातली होती.

पुस्तकाच्या नावातच तो शब्द होता, तिथं त्यांचा इलाज चालत नव्हता. पण उत्तर देताना कुणी "समाज मुलींना दुय्यम समजतो" असं म्हटलं, की सर खडू खाली ठेवायचे आणि शांतपणे विचारायचे, "कुठी राह्यते तो?"

"कोण, सर?"

"समाज. गल्ली सांग, घराची खूण सांग. दुपारी गेलं तं घरी भेटन का?"

वर्ग हसायचा. उत्तर देणारी बिचारी खाली बघत उभी राहायची. सर मात्र हसायचे नाहीत. "काका म्हण, मामा म्हण, आजी म्हण," ते सांगायचे. "समाज म्हटलं का सारे सुटले."

बोर्डाच्या पेपरात मात्र हा शब्द पानात चार वेळा आल्याशिवाय मार्क पडत नाहीत, हे आम्हाला आदल्या वर्षीच्या मुलींनी सांगून ठेवलं होतं. त्यामुळे वर्गात काका-मामा आणि परीक्षेत समाज, अशी आम्ही वाटणी करून टाकली होती. सरांना ती ठाऊक असावी. ठाऊक नसलेलं फारसं काही नसायचंच त्यांना.

ही गोष्ट मेहकरच्या एका ज्युनिअर कॉलेजातली. कला शाखा, बारावी. सर तेव्हा पन्नाशीचे असतील. सायकल होती, पण ती बहुतेक वेळा हातात धरून चालायचे, कारण रस्त्यातल्या पाट्या वाचायच्या असायच्या. छापलेलं जे दिसेल ते वाचायचं, ही त्यांची खोड. गरम भजी घेतली की आधी तो कागद वाचायचे. भजी निवायची, मग खायचे. त्यांच्या बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्या म्हणायच्या, "यांना पाहुणा म्हणून खुशाल बोलवा, पण भिंतीवर कॅलेंडर असेल त्या खोलीत बसवू नका. जेवण राहून जातं."

बारावीला वीस मार्कांचा प्रकल्प असतो. एखादा सामाजिक प्रश्न घ्यायचा आणि त्यावर संशोधन करायचं. मेहकरात हे संशोधन बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात व्हायचं. हुंडा, व्यसनमुक्ती, स्त्रीभ्रूणहत्या, सगळे प्रश्न तिथं स्पायरल बाइंडिंग करून, वर प्लास्टिकचं कव्हर लावून तयार असत. आपण फक्त नाव आणि रोल नंबर घालायचा. प्रस्तावना सगळ्यांची एकच, त्यामुळे कोणाचंही कोणाहून कमी-जास्त नाही.

माझी आणि कांचनची जोडी होती. कांचन सुलतानपूरच्या पुढच्या एका खेड्यातून रोज बसनं यायची, आणि बस चुकली तर थेट दुसऱ्या तासालाच दिसायची. आम्ही 'बालविवाह : एक ज्वलंत सामाजिक समस्या' हा विषय पसंत केला, कारण त्याचं मुखपृष्ठ सगळ्यात देखणं होतं. मागच्या वर्षीच्या मुलीचं नाव पांढऱ्या शाईनं पुसून त्यावर आमची नावं घातली होती. पान उजेडात धरलं तर तिघींची नावं दिसायची.

सरांनी ते उजेडात धरलं.

"ही तिसरी कोण?"

मी पान मिटायला हात पुढं केला.

"असो. मले सांगा, कोणाले इचारलं?"

"म्हणजे, सर?"

"प्रकल्प हाये ना? मंग कोणाले तरी इचारलं असन. मेहकरच्या आजूबाजूला होतेत का बालविवाह?"

"नाही सर," मी ठासून म्हणाले. "आता कायदा आहे. अठरा वर्षं लागतात."

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना फार आनंदाची बातमी दिली आहे. "वा. रविवारी घरी या," म्हणाले.

रविवारी त्यांच्या ओसरीवर खताची एक रिकामी थैली होती आणि तिच्यात लग्नपत्रिका. कॉलेजात आलेल्या, शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या, रद्दीतून उचललेल्या. लोक लग्न लागलं की पत्रिका टाकून देतात, सर तिथून पुढं वाचायला घ्यायचे. गणपतीच्या होत्या, बुद्धाच्या होत्या, चंदेरी होत्या, नेत्यांचे फोटो असलेल्या होत्या. काहींत तर नेत्यांचे फोटो एवढे, की नवरदेवाला कोपऱ्यात उभं केलेलं.

"नवरीच्या नावाखाली पाहा," सर म्हणाले.

नवरीच्या नावाखाली शिक्षण छापलेलं होतं. कोणाचं बी.ए., कोणाचं डी.एड. आणि मग एकीच्या खाली, छान वळणदार अक्षरात, '१२ वी (चालू)'. दुसरीच्या खाली '११ वी कला'. एकीच्या खाली नुसतंच 'दहावी पास, फर्स्ट क्लास'. मुलगी शिकलेली आहे, हे मांडवभर कळावं म्हणून बापानं हौसेनं छापून घेतलं होतं. पुरावा कोणी दडवलेला नव्हता, निमंत्रण म्हणून घरोघर वाटला होता.

मग आमचं काम सुरू झालं. पत्रिकेतली नावं कॉलेजच्या हजेरीशी ताडून पाहायची. जिच्या नावावर लाल रेघ आणि पुढं 'सतत गैरहजर', ती बहुतेक वेळा कुठल्या तरी पत्रिकेत सापडायची. जन्मतारखा सर स्वतः रजिस्टरमधून बघून सांगायचे. एक नियम त्यांनी पहिल्याच दिवशी घालून दिला.

"पोरीइचं नाव कुठंच लिहायचं नाई. त्याइनं काही केलं नाई. पण खाली जे शुभेच्छुक हायेत, स्वागतोत्सुक हायेत, त्याइचं नाव पुरं लिहायचं, हुद्द्यासकट. ते त्याइनंच छापून घेतलं. आपण झाकणारे कोण?"

आम्ही शुभेच्छुकांची यादी केली. सरपंच होते, पोलीस पाटील होते, दोन डॉक्टर होते. एका गावचे ग्रामसेवक होते. बालविवाह थांबवायचं काम कायद्यानं त्यांच्याकडेच दिलेलं असतं, हे आम्ही झेरॉक्सच्या प्रकल्पातच वाचलं होतं. तीन ठिकाणी आमचे प्राचार्य होते.

सरांनी आम्हाला एकेकाकडे पाठवलं. वही घ्यायची, नमस्कार करायचा आणि चार प्रश्न विचारायचे. लग्नाला गेला होता का? मुलीला ओळखत होता का? वय माहीत होतं का? नाव छापायला परवानगी दिली होती का?

लोकांनी आम्हाला चहा पाजला. शुभेच्छा देणारी माणसं मुळात चांगलीच असतात. सरपंच म्हणाले, "मले काही इचारून टाकलं नाई वो नाव. लोकं टाकून देतेत." ग्रामसेवक म्हणाले, "मले न इचारता छापलं. मी त्या दिवशी मीटिंगले होतो." प्राचार्यांनी आम्हाला केबिनमध्ये बसवलं, आमच्या जिज्ञासेचं कौतुक केलं आणि म्हणाले, "बघा बेटा, समाजात राहायचं म्हटलं की नाव द्यावं लागतं. आणि तेही मला विचारून छापलेलं नव्हतं." आमच्या वहीत हे एकच उत्तर इतक्या वेळा आलं, की पुढं पुढं आम्ही नुसतं 'वरीलप्रमाणे' लिहू लागलो.

थैलीच्या तळाशी एक पत्रिका होती, अमडापूरकडच्या लग्नाची. नवरी आमच्याच कॉलेजातली, आमच्या दोन वर्षं पुढची. नावाखाली '१२ वी (चालू)'. कांचन खालची नावं वाचत गेली आणि थांबली. तिनं पत्रिका माझ्यापुढं केली. शुभेच्छुकांत तिसरं नाव आमच्या सरांचं होतं. पुढं 'प्रा.', खाली 'समाजशास्त्र विभाग'.

सर तेव्हा आत पाणी प्यायला गेले होते. मी ती पत्रिका उचलून दप्तरात टाकली.

"काऊन?" कांचन म्हणाली.

"वीस मार्क त्यांच्या हातात आहेत," मी कुजबुजले.

"मंग सरपंचाचं काऊन लिहिलं?"

"सरपंच मार्क देत नाही."

तिचं तोंड वाईट झालं. सर बाहेर आले, बसले. जाताना मी चपला घालत असताना कांचन एकदम म्हणाली, "सर, एक पत्रिका हिच्या दप्तरात आहे."

मला तेव्हा तिचा जो राग आला, तो आजही आठवतो.

सरांनी पत्रिका हातात घेतली. चष्मा पुसला. वरपासून वाचायला सुरुवात केली, गणपतीपासून. नावापर्यंत आल्यावर त्यांचं वाचन थांबलं. दोन वर्षं ती पत्रिका त्यांच्याच थैलीत होती. सगळं वाचणाऱ्या माणसानं तेवढा एक कागद कसा वाचला नव्हता, की वाचून खाली ठेवला होता, ते मला कधीच कळलं नाही.

"मले इचारून नाई..." सर म्हणाले, आणि तिथंच थांबले.

आत बाईंनी कुकर लावला होता, त्याची शिट्टी झाली.

"वही काढा," सर म्हणाले. "बसा. मले इचारा. बाकीच्याइले इचारलं तेच."

मला काही विचारवेना. कांचननं विचारलं.

"लग्नाला गेला होता?"

"हो."

"मुलीला ओळखत होता?"

"दुसऱ्या बाकावर बसायची. खिडकीजवळ. अक्षर चांगलं होतं."

"वय माहीत होतं?"

"माहीत करून घेता आलं असतं. रजिस्टर माह्या कपाटात होतं."

"परवानगी दिली होती?"

"दिली नव्हती. पण मांडवात माइकवर माहं नाव घेतलं, तवा मी उठून उभा राह्यलो. नमस्कार केला." मग म्हणाले, "हेही लिहा. ते 'वरीलप्रमाणे' नको."

वही मिटताना त्यांनीच विचारलं, "अन् तिले कोणी इचारलं?"

सरपंच, डॉक्टर, ग्रामसेवक, सगळ्यांकडे आम्ही जाऊन आलो होतो. पत्रिकेत जिचं नाव सगळ्यात मोठ्या अक्षरात होतं, अशा एकीकडेही आम्ही गेलो नव्हतो. आम्ही दोघी मुली असून ते आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं बस बदलून अमडापूरला गेलो. तिचं नाव मी इथंही लिहीत नाही. अंगणात सोयाबीन वाळत घातलेलं होतं, ती ते पायानं पसरवत होती, कडेवर मूल. सरांना बघून पदर सावरला, खुर्ची आणली, पाणी आणलं. सासू आत-बाहेर करत होती. सरांनी आधी बाळाचं नाव विचारलं, मग पावसापाण्याचं विचारलं. एवढं इकडचं तिकडचं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

शेवटी सासू चहा करायला आत गेली तेव्हा ते म्हणाले, "तुह्या पत्रिकेत माहं नाव होतं."

"हाव," ती म्हणाली. "बाबाइनं मले इचारलं होतं, कोणत्या सराचं टाकू? मीच सांगितलं, तुमचं."

"काऊन?"

ती हसली. अगदी साधं, आपल्याच खुळेपणाला हसावं तसं. "मले वाटलं, नाव हाये म्हणून तुम्ही येसान. अन् येसान तं कोणाले तरी काही बोलसान. तुम्ही वर्गात असं लय बोलायचे ना. मी स्टेजवरून पाह्यलं, तुम्ही दुसऱ्या रांगेत बसले होते. माइकवाल्यानं तुमचं नाव घेतलं, तुम्ही उठले. मले वाटलं, आता बोलतेत."

बाळ रडायला लागलं. ती त्याला हलवत म्हणाली, "मंग तुम्ही खाली बसले."

चहा आला. आम्ही प्यालो. परतीच्या बसमध्ये सर खिडकीशी बसले होते. रस्त्यानं पाट्या चिक्कार होत्या, पण त्यांनी एकही वाचली नाही.

कॉलेजचं प्रदर्शन जानेवारीत होतं. जिल्ह्याहून शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. आम्ही कार्डशीटवर मोठा तक्ता केला, डाव्या बाजूला शुभेच्छुकांची नावं, उजवीकडे त्यांची उत्तरं. आदल्या दिवशी प्राचार्यांनी तक्ता पाहिला. सरांना आणि आम्हाला बोलावलं.

"विषय उत्तम आहे," ते म्हणाले. "फक्त नावं नकोत. अ, ब, क करा. समाजातल्या प्रतिष्ठित व्यक्ती आहेत."

सर काही तरी बोलणार असं आम्हाला वाटलं. ते म्हणाले, "ठीक हाये. ज्याइची परवानगी नाई, त्याइची झाका. माह्या नावाले माही परवानगी हाये."

प्राचार्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. आम्ही संध्याकाळपर्यंत बसून नावांवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी तक्त्यावर अ ते ज्ञ अक्षरं होती, आणि मध्ये एकच धडधडीत नाव, आमच्या सरांचं.

साहेबांनी तक्ता अगदी लक्षपूर्वक पाहिला. प्राचार्यांनी शेजारी उभं राहून त्यांना बालविवाहाचे दुष्परिणाम समजावून सांगितले. "फारच धाडसी प्रकल्प," साहेब म्हणाले, आणि मग बोट ठेवून विचारलं, "हे कोण?"

आठवड्याभरात सरांना नोटीस मिळाली. शिक्षकानं अल्पवयीन विद्यार्थिनीच्या विवाहाला शुभेच्छा दिल्याबद्दल खुलासा सादर करावा. नोटिशीवर सही प्राचार्यांची होती, म्हणजे तक्त्यातल्या 'ड' यांची. सरांनी खुलाशात एकच ओळ लिहिली, 'नोटिशीतील मजकूर खरा आहे.' असा खुलासा ऑफिसात पूर्वी कधी आला नव्हता, त्यामुळे तो कोणत्या फाइलला लावायचा यावर दोन दिवस गेले. शेवटी त्यांची एक वेतनवाढ थांबली. गावात लोक म्हणू लागले, "पाहा, शिकवणारेच असे." स्टाफरूममध्ये काही जण त्यांच्याशी बोलेनासे झाले. प्रकल्पाचे त्यांनी आम्हाला वीसपैकी चौदा दिले. झेरॉक्सवाल्यांना सतरा-सतरा मिळाले होते. मी विचारायला गेले तर म्हणाले, "जिले पह्यले इचारायचं होतं, तिले सगळ्यात शेवटी इचारलं. माहे असते तं मी मले दहाच दिले असते."

आता कांचनच्या लग्नाचं. तिची अठरा वर्षं जुलैत पूर्ण होणार होती. मुलगा पुण्यात कंपनीत होता, त्याच्या घरच्यांना घाई होती, आणि गुरुजींनी काढून दिलेला मुहूर्त बरोबर बारावीच्या परीक्षेत येत होता. हे तिनं मला सांगितलं तेव्हा कच्ची पत्रिका तयार झालेली होती. त्या तक्त्याशेजारी उभं राहून पाहुण्यांना माहिती देणारी मुलगी हीच.

तिचे वडील नावं गोळा करायला निघाले. पण दरम्यान तक्त्याचे फोटो मोबाइलवरून सगळीकडे फिरले होते. झाकलेली नावं उघड्यांपेक्षा जास्त प्रसिद्ध झाली होती. 'ब' म्हणजे कोण आणि 'फ' म्हणजे कोण, यावर चहाच्या टपरीवर चर्चा चालायच्या. नवीन अक्षर व्हायची हौस कोणालाच नव्हती. सरपंच म्हणाले, माझं नाव नको. डॉक्टर म्हणाले, येतो, पण छापू नका. प्राचार्यांनी तर मुलीचं वय विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं असावं.

नावांच्या जागा रिकाम्या असलेली ती कच्ची पत्रिका घेऊन शेवटी तिचे वडील सरांकडे आले. मी आणि कांचन व्हरांड्यात उभ्या होतो.

"सर, बिना नावाची पत्रिका वाटली तं लोकं म्हणतीन, पोरीत काही खोट हाये," ते म्हणाले. अगदी काकुळतीला आले होते. "तुमचं तं नाव खराब झालंच हाये. एकदा अजून छापलं तं तुमाले काय फरक पडते?"

सरांनी पत्रिका घेतली आणि सवयीनं पहिल्या ओळीपासून वाचली. दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. मुहूर्ताच्या ओळीवर आल्यावर त्यांनी चष्मा वर सरकवला.

"दुपारी बारा वाजून पस्तीस मिनिटं. त्या दिवशी मराठीचा पेपर हाये. माही हॉलवर ड्युटी हाये, म्हून मले येता येत नाई," ते म्हणाले. मग कांचनकडे बघून, "अन् नवरीचा पेपर हाये. तिलेही जमन असं वाटत नाई. तिलेच इचारा."

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, ती खाली बघेल. "मले पेपर द्यायचा हाये, बाबा," कांचन म्हणाली. आवाज इतका बारीक होता की मला जेमतेम ऐकू आला.

वडिलांनी पत्रिकेची घडी घातली, खिशात ठेवली आणि निघून गेले. पुढचे दिवस कोणालाच काही कळत नव्हतं. इंग्रजीच्या पेपरला कांचन आली, म्हणाली, "घरात कोणी बोलत नाही. पत्रिका काही छापून आल्या नाहीत. पण मांडववाल्याला नाही म्हणून सांगितलेलंही नाही."

मराठीच्या पेपरच्या दिवशी मी वेळेआधी जागेवर जाऊन बसले. तिचा बाक माझ्यापुढं, एक सोडून. पावणेअकरा झाले, बाक रिकामा. सर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आत आले. त्यांनीही त्या बाकाकडे पाहिलं आणि एकेकाला उत्तरपत्रिका वाटायला लागले. तिच्या बाकावरही एक ठेवली, वर डस्टर ठेवलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

घंटा होता होता कांचन धावत आली. बस उशिरा आली होती. केस वाऱ्यानं विस्कटलेले, हात मेंदीविना कोरे. बसली आणि मान खाली घालून लिहायला लागली.

मी काय लिहिलं ते मला आठवत नाही. माझं सगळं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. साडेबारा वाजले. बारा तेहेतीस. कांचननंही मान वर करून घड्याळ पाहिलं, पेन खाली ठेवला, बोटं मोडली. आता ही रडते की काय, असं मला वाटलं.

तिनं हात वर केला.

सर तिच्या बाकाशी गेले. "काय पाह्यजे?"

"पुरवणी," कांचन म्हणाली.

सरांनी पुरवणी दिली. तिनं बैठक क्रमांक लिहिला. सरांनी तो तपासला, खाली आपली सही केली आणि पुढच्या बाकाकडे गेले.